कांबळ्यावर उघडलेली पेटी

आमच्या घरात दिवाळीनंतरचा पहिला रविवार पेटीचा असायचा. त्या दिवशी सकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, हॉलमधला टीपॉय भिंतीला लावायचे, फरशी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यायचे आणि तिच्यावर फौजेतलं राखाडी कांबळं अंथरायचे. कांबळ्याला एकही सुरकुती चालायची नाही. मग पेटी मधोमध ठेवून उघडायची. झाकण, स्क्रू, पट्ट्या, स्प्रिंगा, सगळं ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडलं जायचं. शेवटी सुरांची फळी निघायची. तिच्यावर पितळेच्या बारीक जिभा ओळीनं बसवलेल्या असतात, त्यांनाच सूर म्हणतात. आबा त्यांच्यावरची धूळ दाढीच्या जुन्या ब्रशनं झटकायचे. बंदूक अशीच उघडतात, असं ते सांगायचे. मांडणी नीट असली की डोळे मिटूनही परत जोडता येते.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. कांबळं आता मी अंथरते, पण सुरकुती राहतेच.

त्या रविवारी घरात पंखा बंद, टीव्ही बंद. मिक्सर लावायचा असेल तर आजीनं आठच्या आत लावून घ्यायचा. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते नेमकं त्याच सकाळी आलं की मोटारीच्या आवाजावरून आजी-आबांची जुंपायची.

"पेटी उद्या उघडली तर काय आभाळ कोसळतंय?" आजी विचारायची.

"पाणी उद्या येणार हाय का?"

"नाय."

"मग भर पाणी. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबायचे. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, टाकी भरून मोटार बंद होईपर्यंत तसेच बसून राहायचे. त्यांना कुणी थांबायला सांगितलं तर ते कसं थांबतात, हे बघण्यासारखं होतं.

माझं काम भात्याचं. सफाई झाली की सुरांची फळी भात्यावर परत बसवायची. मी भाता दाबून हवा द्यायची, आबांनी एकेक पट्टी दाबून ऐकायचं. एखादा सूर हलला असेल तर फळी पुन्हा उचलून त्या पितळी जिभेवर बारीक कानस फिरवायची. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून हे बघत आले. मला पेटी वाजवता येत नाही, पण लागलेला सूर आणि न लागलेला सूर यांतला फरक त्या कांबळ्याच्या कडेला बसून माझ्या कानात मुरला. खालच्या सप्तकातला 'सा' आणि वरच्या सप्तकातला 'सा' एकत्र दाबले आणि दोन्ही नीट लागलेले असले, तर आवाज एकाच दोऱ्यासारखा सरळ येतो. जरा फरक असला तर त्यात लाटा उठतात. आबा त्या लाटा मोजत असल्यासारखे डोळे मिटून बसायचे.

आबांचा जन्म पिशोरजवळच्या एका वस्तीवरचा. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. त्या दिवसांबद्दल त्यांच्या घरातली मोठी माणसं कमी बोलायची, आणि आबाही एकच गोष्ट सांगायचे. लष्कराच्या गाड्या गावाबाहेर थांबल्या होत्या, सगळी पोरं लांबून बघत होती, आणि एका गाडीच्या फळीवर पाय सोडून बसलेला शिपाई तोंडाला लावायचा बाजा वाजवत होता. "त्याच्या एका हातात भाकरी व्हती," आबा म्हणायचे. "एक घास खायचा, थोडं वाजवायचा. मला वाटलं, हीच नोकरी करावी."

अठराव्या वर्षी ते घरी न सांगता छावणीतल्या फौजेच्या भरतीला आले. तोपर्यंत गावच्या भजनात बसून त्यांनी पेटीवर बोटं बसवली होती. छाती मोजणाऱ्यानं विचारलं, शेतीशिवाय काय येतं? ते म्हणाले, पेटी. तो हसला आणि त्यांना तोफखान्यात पाठवलं. "लाकडाची मागितली, लोखंडाची मिळाली," हे वाक्य आबा प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी आजी आतून म्हणायची, "झालं, सुरू झाली भरती."

लाकडाची पेटी त्यांनी पुढे पंजाबात असताना विकत घेतली. पलटणीच्या देवळात दर रविवारी सगळ्यांनी हजर राहायचं असे, तिथे आबा पेटीवर असायचे. बदली झाली की पेटी ताडपत्रीत गुंडाळून तोफेच्या गाडीत जायची. एकाहत्तरच्या लढाईआधी, दिवाळीच्या सुमाराला, ती वाळवंटात पोचली. सुरांत वाळू गेली म्हणून आबांनी ती पहिल्यांदा स्वतः उघडली, कांबळ्यावर मांडली आणि दाढीच्या ब्रशनं साफ केली. दिवाळीनंतरच्या रविवाराचा उगम तो.

आजी पाचोडची. लग्नानंतरची पहिली सतरा वर्षं तिनं नवरा सुट्टीपुरताच बघितला. तीन मुलं तिनं एकटीनं वाढवली. आबा सुभेदार होऊन निवृत्त झाले, हर्सूलला जेलच्या पुढे प्लॉट घेऊन घर बांधलं आणि मग जणू राहिलेली हजेरी भरून काढायला लागले. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री ते करायचे. माझे आईबाबा दोघंही सकाळी लवकर कामाला जात, म्हणून माझ्या वेण्याही आबाच घालायचे. भांग पाडायला ते माझी कंपासपेटीतली पट्टी वापरायचे. शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या की वर्गात सर्वांत सरळ भांग माझा असतो. मी हे घरी सांगितलं नाही, पण पट्टी मात्र कुणाला उसनी दिली नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आबांना इंग्रजी यायचं ते फौजेपुरतं. माझ्या पुस्तकातली कविता मी मोठ्यानं वाचली की ते अर्थ विचारायचे नाहीत, बोटांनी ताल धरायचे. मी घरी-दारी हळू बोलते. लहानपणी त्याहून हळू बोलायचे. सगळे म्हणायचे, लाजाळू आहे, मोठी झाली की सुटेल. आबा एकटेच मला दर वेळी थांबवायचे.

"काय म्हणालीस? पोटातून आवाज काढ, माय. जोरात."

मी पुन्हा म्हणायचे.

"अजून जोरात. पलीकडच्या तोफेला ऐकू जाऊ दे."

मला वाटायचं ते मला घडवतायत. चारचौघांत बोलता यावं म्हणून तालीम करून घेतायत. आईलाही तसंच वाटायचं आणि ती म्हणायची, बरं करतात.

तोफेबद्दल ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, बहुतेक वेळा पेटीच्या रविवारीच. तोफ चालवणाऱ्याला निशाण दिसत नसतं. ते टेकडीच्या पलीकडे, कित्येक मैल लांब असतं. पुढे एक माणूस दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन बसलेला असतो, त्याला ओपी म्हणायचं. गोळा कुठे पडला हे तोच बघतो आणि सांगतो, पन्नास गज पुढे टाका, शंभर गज मागे घ्या. 'ॲड फिफ्टी', 'ड्रॉप हंड्रेड'. बरोबर पडला की एकच शब्द यायचा, 'ठीक'.

"आणि तुम्हाला पटलं नाही तर?" मी एकदा विचारलं होतं.

"पटायचा सवाल नाय. त्याला दिसतंय, आपल्याला नाय. ओपीशी हुज्जत घालणारा तोफची आमच्यात कुणी टिकला नाय."

कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. देऊळ झाल्यापासून पेटीवर आबा आणि गायला मास्तर. मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, आबांहून पाच-सहा वर्षांनी लहान. दोघं एकमेकांना 'मास्तर' आणि 'सुभेदार' याखेरीज कशानंही हाक मारत नसत आणि एकमेकांशी बोलल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. मास्तरांचा आवाज चढा आणि स्वच्छ होता. ते काळी दोन या पट्टीत गायचे. अभंग शेवटाकडे आला की ते वरच्या सप्तकात जायचे आणि आबांची पेटी त्यांच्या मागोमाग वर जायची. बायकांच्या रांगेत बसून मी त्या एका जागेची वाट बघायचे.

मी अकरावीत होते त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी नेहमीसारखी पेटी उघडली. दुपारी सूर तपासताना आबा वरच्या सप्तकाच्या शेवटच्या सात-आठ पट्ट्यांपाशी आले आणि अडकले.

"हे दबलेत," ते म्हणाले. "आवाजच मोकळा येत नाय."

मला आवाज मोकळा येत होता. मी भाता दाबत होते आणि ते सूर मला नीट, नेहमीसारखे ऐकू येत होते. आबांनी फळी उचलली, पहिल्या सुराच्या टोकाशी कानस फिरवली, परत बसवली, वाजवलं. मान हलवली. पुन्हा घासलं. दर वेळी तो सूर थोडा थोडा चढत गेला. खालच्या 'सा'बरोबर वाजवला की लाटा उठत होत्या, मग त्या इतक्या जवळ आल्या की आवाज नुसता थरथरायला लागला. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता जरा खुलला."

मला वाटलं, आपलंच चुकत असेल. पन्नास वर्षं पेटी लावणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? संध्याकाळपर्यंत त्यांनी आठही सूर तसेच घासले आणि पेटी बंद करून तिच्यावरून हात फिरवला.

त्या गुरुवारी मास्तर वरच्या सप्तकात गेले आणि पेटी त्यांच्याबरोबर गेली तेव्हा मास्तरांचा चेहरा मी पाहिला. चप्पल घालताना आत खडा लागावा तसा झाला. त्यांनी ती ओळ कशीबशी संपवली. मागच्या रांगेतल्या एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आबा तन्मय होऊन वाजवत होते.

पुढच्या गुरुवारी मास्तर म्हणाले, "सुभेदार, आज पांढरी एक धरा. घसा साथ देईना."

"झालं का? एवढ्यात म्हातारे झालात?"

"वय कुणाला सुटलंय."

"मला सुटलंय. तुम्ही थंड पाणी पिता, त्याचं हाय हे."

मास्तर खालच्या पट्टीत गायले. म्हणजे त्यांचा सर्वांत चढा सूरही त्या आठ पट्ट्यांच्या अलीकडेच राहायचा. त्यांनी हिशेब नेमका केला होता. त्यानंतरच्या दर गुरुवारी असंच झालं. खालच्या पट्टीत त्यांचा आवाज बसका, कुणा दुसऱ्याचाच वाटायचा. आबांना त्यांची खरीच काळजी वाटू लागली. ते शहागंजच्या बाजारातून ज्येष्ठमध आणायचे, त्याचे बारीक तुकडे करून पुडीत बांधायचे आणि भजनाच्या आधी मास्तरांच्या हातात द्यायचे. मिठाच्या गुळण्या सकाळ-संध्याकाळ करायला लावायचे आणि केल्या का म्हणून सगळ्यांसमोर विचारायचे. मास्तर मान डोलवायचे आणि ज्येष्ठमध चघळायचे. घरी येताना आबा हळहळायचे, "काय आवाज व्हता, माय. माणसाचं काय जाईल सांगता येत नाय."

तेव्हा मला कळलं की आबांना ते सूर ऐकूच येत नाहीत. आणि हेही कळलं की देवळातल्या सगळ्यांना हे माहीत आहे.

पावसाळ्याच्या शेवटी एकदा मास्तरांनी मला किराणा दुकानासमोर थांबवलं. "तू भात्यावर बसतेस ना?" त्यांनी विचारलं. "यंदा त्यांनी ते सूर पुन्हा घासले तर तुटतील. पितळ किती पातळ राहिलं असेल बघ. पेटी जाईल. पेटी गेली तर सुभेदार देवळात येणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. आणि खरं सांगितलं तरी लाजेनं येणार नाहीत. माझी जीभ उचलत नाही."

मी "हो" म्हणाले. त्याचा अर्थ मी सांगेन असा होता की फक्त ऐकलं असा, हे त्यांनी विचारलं नाही.

दिवाळी आली तशी मला त्या रविवाराची भीती वाटायला लागली. मी वाक्य तयार करत होते. इंग्रजीत ते सोपं जायचं, मराठीत केलं की प्रत्येक शब्द टोचायचा. फराळाच्या ताटावर बसून दोनदा तोंड उघडलं आणि चिवडा चांगला झालाय म्हणून बंद केलं.

रविवारी कांबळं अंथरलं गेलं. आदल्याच दिवशी पाणी येऊन गेल्यामुळे थांबायला तेही कारण उरलं नव्हतं. सफाई झाली, फळी बसली, मी भाता दाबायला लागले. खालचं सप्तक झालं, मधलं झालं. आबा वरच्या पट्ट्यांवर आले, एक दाबली, डोळे मिटले.

"पुन्हा दबलाय," ते म्हणाले आणि कानस उचलली.

मी भाता सोडला.

"हवा," आबा म्हणाले.

मी हवा दिली नाही. मी काहीतरी म्हणाले.

"काय? जोरात बोल."

"तो दबलेला नाही, आबा. चढलाय. मागच्या वर्षापासून चढलाय." हे मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की आजी स्वयंपाकघराच्या दारात आली.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मला ऐकू येतंय."

"आणि मला नाय येत?"

कांबळ्यावर स्क्रूंची ओळ होती, ती मी मोजली. चौदा होते.

"मास्तरला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हंजे त्याचा घसा."

"घसा चांगला आहे."

आबांनी कानस तिच्या कापडात गुंडाळली. उठले, चपला घातल्या आणि तलावाच्या बाजूला फिरायला निघून गेले. ते परत आले, जेवले, झोपले, पण पेटीकडे फिरकले नाहीत. उघडी बंदूक सोडून उठायचं नसतं, असं मला शिकवणाऱ्या माणसाची पेटी दोन दिवस कांबळ्यावर उघडी पडली होती. आम्ही सगळे तिच्या कडेकडेनं ये-जा करत होतो. बाबांनी ऑफिसची बॅग नेहमीच्या जागी न ठेवता बाहेर ठेवली.

सोमवारी कॉलेजातून आले तेव्हा आजी मेथी निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

"मी नको होतं बोलायला," मी म्हणाले.

"कधी ना कधी कुणी बोललंच असतं." तिनं एक काडी बाजूला टाकली. "मला तर लई वर्षांपासून ठावं हाय. मी हाक मारते तर वळत नाहीत. कडी वाजवली की वळतात. बायामाणसांचा बारीक आवाज त्यांना लागत नाय. म्हणून तर संसार टिकला."

मला हसू आलं, आणि मग एकदम आठवलं. पोटातून आवाज काढ, माय. अजून जोरात.

"कशानं झालं?"

"तोफांनी. कानात कापूस घालायचे सगळे. ह्यांना टेलिफोनवरचा हुकूम ऐकून पोरांना सांगायचा असायचा, म्हणून ह्यांचा एक कान उघडा. हळूहळू दोन्ही गेले."

"मग तू का नाही सांगितलंस त्यांना?"

"काय सांगू?" आजी म्हणाली. "सतरा वर्षं देवापुढं एकच मागितलं, माणूस परत येऊ दे. आला. कान मागायचे राहिले, ती माझी चूक."

मंगळवारी सकाळी आबा फिरून आले, हातपाय धुतले आणि मला हाक मारली. कॉलेजला निघायची वेळ झाली होती, मी बॅगेसकट गेले. ते कांबळ्याशेजारी मांडी घालून बसले होते. आजीला त्यांनी भात्यापाशी बसवलं होतं. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात तिनं पेटीला कधी हात लावला नव्हता.

"हवा सारखी दे," आबा तिला सांगत होते. "मधेच सोडायची नाय."

"उमर गेली चूल फुंकण्यात," आजी म्हणाली. "मला हवा नका शिकवू."

मग ते माझ्याकडे वळले. "तू दारात जाऊन बस. तिकडं, उंबऱ्यावर."

"एवढ्या लांब?"

"ओपी तोफेजवळ बसत नसतो. मला दिसत नाय तिथं काय पडतंय ते. तुला दिसतंय. वर का खाली, जादा का कमी, तू सांगायचं. मी इचारणार नाय. पण मला ऐकू आलं पाहिजे."

मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी पहिली पट्टी दाबली, तिच्याबरोबर खालचा सूर दाबला. लाटा उठल्या.

"ड्रॉप," मी म्हणाले.

त्यांनी कानाला हात लावला.

"ड्रॉप," मी ओरडले. शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून डोकावून बघितलं.

आबांनी फळी उचलली, सुराच्या मुळाशी दोनदा कानस फिरवली, परत बसवली, वाजवलं. "अजून ड्रॉप. थोडंसंच." पुन्हा फळी उचलली. त्यांनी एकदाही असं का म्हणून विचारलं नाही, एकदाही स्वतःच्या कानानं खात्री करायचा प्रयत्न केला नाही. ते फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे आणि हात चालवायचे. लाटा लांब होत होत विरल्या आणि दोरा सरळ झाला.

"ठीक," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पट्टीवर बोट ठेवलं.

मी कॉलेजला गेले नाही. दुपारी दोनपर्यंत सात सूर लागले. आठवा, सर्वांत शेवटचा, फळी उचलून कानस लावताच तुटला. टिक असा एवढासा आवाज झाला, आणि तो आबांना ऐकू आला नाही, बोटाला कळला. त्यांनी तो पितळेचा तुकडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"एक पडला," ते म्हणाले. "सात परत आले. वाईट नाय."

माझा घसा बसला होता. आजीनं मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. आबा पेटी जोडत होते, उजवीकडून डावीकडे, आणि चौदाही स्क्रू जागच्या जागी गेले. तरी मला एका गोष्टीची खात्री नव्हती. पेटी वाचली होती. आबा देवळात जातील की नाही, हे कुणीच विचारत नव्हतं.

गुरुवारी पाच वाजता त्यांनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली, दाढी केली, आणि पेटी उचलायला बाबांना हाक मारली. मी आणि आजी मागून गेलो. देवळात मास्तर आधीच बसले होते. आबांना बघून त्यांनी सवयीनं हात पुढे केला, ज्येष्ठमधाच्या पुडीसाठी. आबांनी पुडी दिली नाही. ते बसले, भाता उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मास्तर, आज काळी दोन."

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सुभेदार, घसा जरा..."

"घशाला काय बी झालेलं नाय. माझे कान गेलेत. वरचे सूर मीच बिघडवले व्हते, आणि तुम्ही सगळ्यांनी वर्षभर ते गिळलं. आता लावून आणलेत. एक तुटला, तेवढा सांभाळून घ्या." हे त्यांनी हजेरीचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. आवाज हलला नाही, मान खाली गेली नाही. "आणि तुम्ही ते ज्येष्ठमध उगाच चघळलं."

"ज्येष्ठमधाचं काही नाही, ते गोड असतं," मास्तर म्हणाले. "त्या मिठाच्या गुळण्यांबद्दल मात्र तुम्हाला देव विचारणार आहे."

देवळातले सगळे हसले, आबा सर्वांत शेवटी, शेजारच्यानं त्यांच्या कानाशी वाकून ते पुन्हा सांगितलं तेव्हा.

मास्तर काळी दोनमध्ये गायले. आवाज वर्षभर घडी घालून ठेवल्यासारखा सुरुवातीला थोडा आखडला, मग मोकळा झाला. अभंग शेवटाकडे आला. मास्तर वर जायला लागले आणि आबांची बोटं त्यांच्या मागोमाग वरच्या पट्ट्यांवर गेली, जिथे त्यांना स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. तिथे पोचल्यावर त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या रांगेत मला शोधलं.

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वाजवता वाजवताच भुवया उंचावल्या. खूण नको होती त्यांना. टेलिफोनवर खूण चालत नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना कॉलनीतल्या बायका होत्या. समोर मास्तर गात होते.

"ठीक," मी म्हणाले, पोटातून.